आधी पुस, मग चढव

नागापूरच्या एमआयडीसीत आप्पासाहेबांच्या वर्कशॉपला फोन एकच होता आणि त्यावर हक्क सांगणारे तिघं: आप्पासाहेब, फॅक्स आणि अमेरिका.

सकाळी आप्पासाहेब रिसीव्हर उचलायचे, कानाला लावायचे आणि विंचू चावल्यासारखा लांब धरायचे. आत मांजराच्या शेपटीवर कुणी तरी पाय दिलेला असायचा. "कीऽऽ… ट्यँव ट्यँव… खर्रऽऽ!" मग केबिनमधून गर्जना, "महेंद्रऽ! तुझी अमेरिका उठली का रं? उठली असंल तर तिला म्हणावं, बाई जरा सरक, मला पुण्याला बोलायचंय!"

"साहेब, ठेवा, ठेवा! इंटरनेटची लाइन तुटते!"

"तुटंना का. बिल मी भरतो का ती भरती?"

पण ठेवायचे. कारण हाच माणूस संध्याकाळी गिऱ्हाइकासमोर खुर्चीत मागं रेलून, आवाज नाकात नेऊन सांगायचा, "काय आहे ना, आमच्या ड्रॉइंगची एक कॉपी इथं आणि एक यूयसेमधी. रिस्क आपल्याला जमतच नाही." गिऱ्हाईक म्हणायचं, "अरे वा!" आणि आप्पासाहेब टेबलावरच्या पेपरवेटला असं फिरवायचे, जशी काही ती अख्खी पृथ्वीच.

ही अमेरिका महेंद्र भिंगारदिवेनं आणलेली. वर्कशॉपात डाय बनायचे, म्हणजे पत्रा दाबून मोटारीचे पार्ट काढायचे लोखंडी साचे. प्रत्येक डायचं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढायचं काम महेंद्रचं. जुनी ट्रेसिंग पेपरवरची ड्रॉइंगं वाळवीनं खाल्ली आणि उरलेली आप्पासाहेबांनी भंगारात घातली, तेव्हापासून सगळ्या वर्कशॉपचं डोकं त्या एका मशीनच्या एका फोल्डरात होतं. आणि मशीन महेंद्रच्या हाताखाली. तो मात्र टेंपररी. दर सहा महिन्यांनी आप्पासाहेब त्याला चार दिवस घरी बसवायचे आणि पाचव्या दिवशी नव्यानं कामावर घ्यायचे, जसा काही हा पोरगा त्यांनी पहिल्यांदाच बघितला. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात मात्र त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "या दिवाळीत तुला पर्मनंट. आप्पासाहेबाचा शब्द आहे."

तो शब्द महेंद्रनं भिंगारला घरी नेला तेव्हा घरात सण झाला. त्याचा बाप रंभाजी लष्कराच्या एका डेपोत माळीकाम करायचा. दिवाळीनंतर तो रिटायर होणार आणि ज्या क्वार्टरमध्ये महेंद्रचा जन्म झाला ते रिकामं करून द्यावं लागणार. आई बनाबाई गावात खोल्या बघून आली होती. घरमालक दोन प्रश्न विचारायचे. पहिला आडनावाचा. तो पार झालाच तर दुसरा, "पोरगा पर्मनंट का?" पहिल्या प्रश्नाला इलाज नव्हता. दुसऱ्याला दिवाळीत मिळणार होता.

तर अमेरिका. आधी महेंद्र ड्रॉइंगची कॉपी फ्लॉपीवर ठेवायचा. एकदा ऐन घाईत फ्लॉपी वाचता येईना. पुण्याची कंपनी बोंबलली. आप्पासाहेबांनी ती फ्लॉपी पापडासारखी उन्हात वाळत घातली, उलटली, फुंकर मारली. नाहीच निघालं. त्याच आठवड्यात महेंद्रला सावेडीच्या सायबर कॅफेत कळलं, की अमेरिकेतली एक कंपनी कुणालाही फाइली ठेवायला तिच्याकडची जागा देते. फुकट.

"फुकट?" आप्पासाहेबांनी भुवया चढवल्या. "का?"

"जाहिराती दाखवतात, साहेब."

"फुकट तर आपला सोयरा पत्रावळसुद्धा टाकत नाही. बघ, काही अंगलट येईल."

आलं नाही. पण हातानं एकेक फाइल चढवायची म्हणजे निम्मा दिवस जायचा, मध्येच लाइन तुटायची. मग महेंद्रनं चार-दोन रात्री डोकं खाजवून दहा-बारा ओळींचा एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि तो झाल्यावर त्याला कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहवेना. दाखवला भागवतला. भागवत म्हणजे स्टोअर सांभाळणारा, पाथर्डीकडचा. आईबाप अजून कोयता घेऊन साखर कारखान्यावर जायचे, आणि हा घरातला पहिला, ज्याच्या हातात कोयत्याऐवजी किल्ल्यांचा जुडगा आला.

"भागवतदादा, हा गडी बघा. सकाळी मशीन चालू केली, की हा आपला आपण उठतो. फोन लावतो. अमेरिकेत जातो. तिथं कालचं जे असंल ते पुसतो, आपल्या फोल्डरात आज जे असंल ते चढवतो, फोन ठेवतो आणि झोपतो. कुणी काही सांगायचं नाही."

"चाबी मागत न्हाई?"

"नाही."

"सुट्टी?"

"नाही."

"मंग आप्पासाहेब ह्यालाच पर्मनंट करत्याल, लेका. तुला न्हाई." दोघंही पोट धरून हसले. मग भागवतनं विचारलं, "पन आधी पुसतो कशापायी?"

"जागा इवलीशी आहे. जुनं ठेवलं तर नवं मावत नाही. आधी पुस, मग चढव." आणि हात झटकून महेंद्रनं ते वाक्य टाकलं, जे पुढं त्याच्याच डोक्यावर आदळायचं होतं. "आता इथं आग लागली तरी बेहत्तर. सगळं तिकडं आहे."

हे वाक्य वर्कशॉपात म्हणीसारखं झालं. वेल्डरच्या ठिणग्या उडाल्या की कुणी तरी ओरडायचं, "लागू द्या आग! सगळं तिकडं आहे!"

दसरा आला. दसऱ्याला महेंद्र नागपूरला. लहानपणी रंभाजीच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीला गेलेला, आता रंभाजीची पिशवी धरून जायचा. महाराष्ट्र एक्स्प्रेसचा जनरल डबा, बनाबाईच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी. आप्पासाहेबांचं दरवर्षीचं वाक्य ठरलेलं, "सगळी एमआयडीसी मशीन पुजती अन् आमचा मशीनवाला नागपूरला! बरंय, जा बाबा, तुमचंबी असतं काय काय." म्हणून इतक्या वर्षांत वर्कशॉपातली खंडेनवमी महेंद्रनं एकदाही बघितली नव्हती. त्याला ठाऊक होतं ते एवढंच, की परत आल्यावर मॉनिटरवर कुंकवाची बोटं असतात आणि ती स्पिरिटनं पुसावी लागतात. पूजेच्या आधी तिथं काय काय होतं, याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता.

परत आला त्या दिवशी मॉनिटरला कुंकू होतंच. कीबोर्डच्या फटींत झेंडूच्या पाकळ्या, माउसच्या वायरला लाल दोरा. महेंद्रनं हसत दोरा सोडवला, पाकळ्या फुंकल्या, मशीन चालू केली. मांजर ओरडलं, फोन लागला, सुटला. फोल्डर उघडलं. रिकामं.

दुसरं चुकून उघडलं असेल म्हणून त्यानं ते बंद केलं, पुन्हा उघडलं. रिकामं. कचऱ्याची पेटी उघडली. रिकामी. हातानं फोन लावून तो अमेरिकेत गेला. तिथंही पान स्वच्छ, जसं कुणी सारवून घेतलेलं.

भागवत स्टोअरच्या दारात उभा होता. डोळ्याला डोळा भिडताच आत वळला. महेंद्र मागं गेला. पत्र्याच्या रॅकांमागं, ग्रीसच्या डब्यांशेजारी, भागवतनं सगळं सांगितलं, एका दमात, आप्पासाहेबांच्या आवाजासकट.

"आरं, नवमीला साफसफाई काढली. दरसालचंच हाय. कपाटं रिती करायची, पुसायची, पुजा झाली का परत भरायची. घरी कणगी न्हाई का रिती करून सारवीत? तसंच. तर आप्पासाहेब आले, मशीनीत डोकावले. म्हनले, 'भागवत, हा केवढा पसारा? बाहेरून फडकं मारतो अन् आत उकिरडा? लक्ष्मी बसंल का हितं?' मी म्हनलं, साहेब, ती ड्रॉइंगं हायती. तर म्हनले, 'आरं, ती यूयसेमधी हायती ना? महेंद्रच म्हनतो, आग लागली तरी बेहत्तर. पुस. पुजा झाली का परत मागवू.' म्या पुसलं. तूच शिकीवलं हुतं ना, फाइल कशी पुसायची ते."

"आणि कचऱ्याची पेटी?"

"आता कचरापेटी भरलेली ठिवून पुजा करायची व्हय?" भागवतला खरोखर नवल वाटलं. "ती तर पयली रिती केली. आन् त्ये रंगीत चौकोनवालं चालवलं. तूच म्हनला हुता, त्यानं मशीन आतून साफ हुती. लई येळ चाललं. समदे बघत बसले हुते, सिनेमा बघितल्यावानी."

महेंद्र खाली बसला. पुसलेल्या फाइली मशीनच्या पोटात कुठं तरी उरतात, खोदून निघतात, एवढी एक आशा होती. उरलेल्या फाइली सरकवून रंगीत चौकोनांनी त्या जागेवरसुद्धा नांगर फिरवला होता.

"आन् दसऱ्याला मुहूर्तावर बटन दाबलं," भागवतचा आवाज खाली गेला. "नारळ फोडला. तवर तुझा गडी उठला. कीऽऽ, ट्यँव ट्यँव. आप्पासाहेब म्हनले, 'बघा, शुभ मुहूर्तावर अमेरिका बोलली!' आमी समद्यांनी हात जोडले, म्हयंद्रा."

सगळं वर्कशॉप हात जोडून उभं होतं आणि गडी आपलं काम करत होता. कालचं पुसलं. आज जे होतं, म्हणजे काहीच नाही, ते चढवलं. फोन ठेवला, झोपला. फोल्डर रिकामं असेल तर थांब, एवढी एक ओळ महेंद्रनं त्याला सांगितली नव्हती. फोल्डर रिकामं करून पुजणारी माणसं असतात, हे त्याला माहीत असायला तो दसऱ्याला कधी इथं होता?

आप्पासाहेबांनी सगळ्यांना केबिनसमोर गोळा केलं. आवाज चढवला नाही. उतरवला. तो जास्त वाईट.

"महेंद्र, तू म्हणाला होता ना, सगळं तिकडं आहे?"

"हो साहेब."

"मग तिकडं का नाही?"

"प्रोग्राम आधी पुसतो, मग चढवतो. इथलं रिकामं होतं म्हणून…"

"म्हणजे प्रोग्राम चुकला. कुणी लिहिला?"

"मी, साहेब. रिकामं असलं तर थांब, असं त्याला सांगायला पाहिजे होतं. ती चूक माझी." महेंद्रनं मशीनकडं बोट दाखवलं. "पण इथलं पुसलं कुणी?"

आप्पासाहेबांनी मान वळवली, सावकाश. "काय रं भागवत? पुसलं कुणी?"

भागवतनं हातातला जुडगा या हातातून त्या हातात घेतला. "मला काय ठावं, साहेब? म्या तर नुसतं फडकं मारलं. वरून."

वेल्डर हातमोजे चढवायला लागला. आप्पासाहेब म्हणाले, "झालं तर मग. पूजेच्या दिवशी मशीन सोडून गेलं की असंच व्हायचं. यंत्रालाबी मन असतं." आणि दुपारपर्यंत हे वर्कशॉपभर झालं: मशीनवाला पूजेला नव्हता, मशीन कोपली.

महेंद्रनं काम हातात घेतलं. लेथवाल्यांच्या पेट्यांत तेलानं काळे झालेले, घड्यांवर फाटलेले ड्रॉइंगचे कागद होते, ते त्यानं गोळा केले. ज्यांचे कागदही नव्हते ते डाय खाली उतरवून, व्हर्नियरनं मोजून, पुन्हा पहिल्यापासून काढायला लागला. दिवस दिवस. डोळे लाल, बोटांना ग्रीस. भागवत न बोलता जड डाय उचलून टेबलावर आणून द्यायचा, धरून ठेवायचा, परत नेऊन ठेवायचा. चहा आला की महेंद्रचा कप आधी भरायचा. महेंद्र चहा प्यायचा. पुन्हा व्हर्नियर उचलायचा. एकदा भागवतच पुटपुटला, "म्या खरं बोलतो त्या दिशी, तर संध्याकाळी कोयत्यावर असतो, बाबा." महेंद्र म्हणाला, "डाय सरळ धरा."

दिवाळीच्या तोंडावर शेवटचं ड्रॉइंग पुरं झालं. आप्पासाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, ड्रॉवर ओढला आणि टाइप केलेला कागद लांबूनच दाखवला. त्यावर महेंद्रचं नाव होतं, पूर्ण, आडनावासकट.

"हे बघ. शब्द म्हणजे शब्द. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी ये, सगळ्यांसमोर देतो. फक्त एक कर. मशीनला बोटभर कुंकू लाव, नारळ फोड आणि म्हण, माझं चुकलं. लोकांच्या मनात किल्मिष नको राहायला. काय?"

महेंद्रनं कागदावरचं आपलं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि तो बाहेर पडला. त्या रात्री घरी त्यानं काहीच सांगितलं नाही.

लक्ष्मीपूजनाला वर्कशॉप धुऊन काढलेलं. उदबत्तीच्या वासाखाली कटिंग ऑइलचा वास तसाच. मशीनसमोर पाट, समया, ताट. आप्पासाहेब रेशमी झब्ब्यात. कागद झब्ब्याच्या खिशात, टोक बाहेर.

"चला, मशीनवाले! लावा बोट."

महेंद्र पुढं आला. "साहेब, माझं चुकलं. हे मी तुम्हाला म्हणतो. इथं उभ्या सगळ्यांना म्हणतो. प्रोग्राम मी अर्धवट लिहिला." त्यानं मशीनकडं बघितलं. "मशीनला नाही म्हणत."

"का? मशीन विटाळती का?"

"आमची प्रतिज्ञा आहे, साहेब. बाबासाहेबांनी दिलेली. पूजा करत नाही आम्ही."

कुणी तरी "आयला" म्हणालं. तेवढ्यात भागवत पुढं आला, त्यानं महेंद्रचं मनगट धरलं आणि कानाशी, घाईघाईनं, जवळजवळ रडत, "लाव रं येड्या. येक बोट. म्या धरतो तुझा हात. घरी कोन बघतंय? कागद घे न् मोकळा हो!" महेंद्रनं हात हिसडला. ताट कलंडलं. कुंकू कीबोर्डवर, पाटावर, भागवतच्या पायांवर.

समईची वात तडतडली. आप्पासाहेबांनी कागदाचं टोक बोटानं आत सारलं, नीट, खिशाच्या तळापर्यंत.

"प्रतिज्ञा आहे म्हणतो. पर्मनंट आहे ना ती?" ते हसले. "मग आणखी कशाला पाहिजे पर्मनंट?"

महेंद्र पायी भिंगारला आला. रस्त्यात दोन्हीकडं फटाके. घरी सांगितलं तेव्हा त्याला वाटलं होतं, बाप पाठीवर हात ठेवील. धर्मांतराच्या वेळी रंभाजी पोरसवदा असताना पुणतांब्याला त्याच्या बापानं घरातले देव टोपल्यात भरून गोदावरीत सोडले होते आणि ती टोपली रंभाजीच्या डोक्यावर होती. ही गोष्ट तो दरवर्षी नागपूरच्या गाडीत अनोळखी माणसांना गाठून सांगायचा.

रंभाजी खाटेवर बसला. मग म्हणाला, "लावायचं हुतं की. बोटभर तर मागत हुता."

बनाबाईच्या हातातलं भांडं थांबलं. "आन् मंग पोराला खांद्यावर घिऊन नागपूरला न्हेत हुता त्ये कशापायी?"

"नागपूरहून येऊन ऱ्हायचं कुठं, त्ये सांग आधी!" रंभाजी ओरडला. एवढा आवाज त्या क्वार्टरनं त्याचा कधी ऐकला नव्हता. "म्हैनाअखेर चावी द्यायचीया मला. तू देतीस का खोली? त्यो प्रोग्राम देतो का?"

पाडव्याला सकाळी रंभाजी इस्त्रीचा शर्ट घालून सायकलवर निघाला. दुपारी आला तो हातात अर्धा नारळ घेऊन. कपाळाला काही नव्हतं, पण उजव्या हाताचं बोट लाल होतं.

"कुठं गेलता?" बनाबाईनं विचारलं. उत्तर तिला दिसत होतं.

"नागापूरला, वर्कशॉपात. म्या म्हनलं, पोरगं ल्हान हाय, त्याच्यातर्फे म्या लावतो." रंभाजी कुणाकडं बघत नव्हता. "लावलं. नारळ फोडला. म्हनलं, चुकलं आमचं. मानूस चांगलाय. खुर्ची दिली. चिवडा दिला."

"आणि कागद?" महेंद्रनं विचारलं.

"म्हनला, 'तुमी मोठी मानसं, तुमचा मान राखला. पन मशीन कुठं तुमी चालवता, रंभाजीराव? ज्याची चूक त्यानं लावाया पायजे. पोराला धाडा.'" आप्पासाहेबांचा तो नाकातला आवाज रंभाजीच्या तोंडून जसाच्या तसा निघाला आणि तो स्वतःच दचकला. नारळाची वाटी त्यानं खाटेवर ठेवली. "आता तू ठरीव."

महेंद्रनं बापाच्या बोटाकडं बघितलं. भागवतवर चिडता येत होतं. आप्पासाहेबांवर चिडता येत होतं. इथं कुणावर चिडायचं? "मी जाणार नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात ताठा नव्हता. नुसता थकवा होता.

"मंग म्या कशापायी गेलो?" रंभाजीनं विचारलं.

महिनाअखेर चावी गेली. गावाबाहेर पत्र्याची एक खोली मिळाली, जिथं मालक एकही प्रश्न विचारत नव्हता, कारण तिथं दुसरं कुणी राहायला तयार नव्हतं. महेंद्र मिळेल तिथं सुटी ड्रॉइंगं काढून द्यायचा, मिळालं नाही तर खोलीत भिंतीकडं तोंड करून पडायचा. बापलेक एका ताटाच्या अंतरावर जेवायचे आणि मीठसुद्धा बनाबाईच्या मार्फत मागायचे. संध्याकाळी रंभाजी दारात दगडावर बसायचा. येणारे-जाणारे विचारायचे, पोरगा काय करतो म्हणून.

"कॉम्प्युटरवाला हाय," रंभाजी आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायचा. "लई हुश्शार. हुश्शार हाय म्हनून तर घरी हाय."